देशाचं नुकसान तीन टक्के, मग घराचं किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: हवामान बदलामुळे या शतकाच्या अखेरीस देशाचं उत्पन्न काही टक्क्यांनी घटेल, असं अर्थतज्ज्ञ सांगतात. पण तोवर उत्पन्न मुळातच कितीतरी पटींनी वाढलेलं असेल. मग एवढ्याशा घटीने माणसाच्या मिळकतीवर आणि तब्येतीवर असा किती फरक पडणार? आणि ऊन-पाऊस तर सगळ्यांवर सारखाच पडतो, त्यातून विषमता कशी काय वाढते?

घरोघरी जाऊन कुटुंबांची मिळकत, खर्च आणि आजारपण यांच्या नोंदी घेणं हे माझं काम. त्यात वीसेक वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो, प्रश्नातला प्रत्येक आकडा खरा असू शकतो आणि तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष साफ चुकतो. कारण देशाचं उत्पन्न मोजताना आपण पैसे मोजतो, माणसं मोजत नाही. ज्याच्याकडे जास्त पैसा, त्याचं बेरजेतलं वजन जास्त. ज्याच्याकडे थोडंच आहे, त्याचं सगळं बुडालं तरी बेरीज फारशी हलत नाही.

एक साधा हिशेब मांडू. दहा घरांचा एक देश धरा. एकूण उत्पन्न 1,000 नाणी. वरच्या एका घराला 550, मधल्या चार घरांना प्रत्येकी 75 आणि खालच्या पाच घरांना प्रत्येकी 30. ही वाटणी मी मुद्दाम टोकाची घेतलेली नाही, जगातल्या बऱ्याच विषम देशांत ती साधारण अशीच असते. आता एक वाईट वर्ष आलं आणि खालच्या पाचही घरांची एक पंचमांश मिळकत बुडाली. प्रत्येकी 6 नाणी, मिळून 30. देशाच्या हिशेबात ही घट झाली 3 टक्के. त्यातच पडलेले पूल आणि वाहून गेलेले रस्ते पुन्हा बांधण्याचं काम वरच्या घराला मिळालं आणि त्याला 10 नाणी जास्त आली, तर घट उरते 2 टक्के. कागदावर अर्थव्यवस्था सावरलेली दिसते. प्रत्यक्षात निम्म्या देशाच्या ताटातला पाचातला एक घास गेलेला असतो.

जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी 2017 मध्ये जगभरासाठी नेमका हाच हिशेब नव्याने मांडला. नैसर्गिक आपत्तींत दरवर्षी 300 अब्ज डॉलरच्या आसपास मालमत्ता बुडते, असं तोवर धरलं जायचं. गरिबाचा एक डॉलर जाणं आणि श्रीमंताचा एक डॉलर जाणं यांत फरक करून त्यांनी मोजलं, तेव्हा नुकसान 520 अब्ज डॉलरवर गेलं. आपत्तींमुळे वर्षाला सुमारे 2 कोटी 60 लाख माणसं दारिद्र्यात ढकलली जातात, हेही त्याच अभ्यासात पुढे आलं. पूर तेच, वादळं तीच. बदलली ती फक्त मोजपट्टी.

आता मिळकतीकडे येतो. हवामान बदल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पूर, वादळ, भेगाळलेली जमीन येते. माझ्या डोळ्यांपुढे आधी येते ती दुपारी अकरा ते चारची वेळ.

अंगमेहनत करताना शरीर आतून तापतं. स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा कामात उतरतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. हवा दमट असली की तो वाळत नाही, नुसता निथळत राहतो. म्हणून बातम्यांत सांगतात तो तापमानाचा आकडा एकटा पुरत नाही. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान मिळतं, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. त्यात उष्मा आणि दमटपणा दोन्ही येतात. ते 35 अंशांवर गेलं की सावलीत स्वस्थ बसलेला निरोगी माणूसही काही तासांपलीकडे तगणार नाही, असं 2010 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं. पुढे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात धडधाकट तरुणांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. तेव्हा दमट हवेत शरीराचा तोल 31 अंशांच्या आसपासच सुटू लागतो, असं दिसलं. त्या तरुणांकडून अगदी हलकी हालचाल करून घेतली होती. डोक्यावर पाटी घेऊन जिना चढणाऱ्याची मर्यादा याहून खालीच असणार.

अशा वेळी शरीर आपणहून वेग कमी करतं. आळस नव्हे, जीव वाचवण्याची ती त्याची रीत आहे. विषमतेचं पहिलं बीज इथे पडतं. महिन्याच्या पगारावर असलेल्याचा हात मंदावला तर नुकसान मालकाचं. नगावर किंवा रोजंदारीवर असलेल्याचा हात मंदावला तर नुकसान त्याचं स्वतःचं.

हे नुकसान आम्हाला बरीच वर्षं दिसतच नव्हतं. जुन्या प्रश्नावलीत 'गेल्या आठवड्यात किती दिवस काम केलं?' एवढाच प्रश्न होता. ऐन उन्हाळ्यातही उत्तर यायचं, सहा दिवस. कागदावर सगळे ऋतू सारखेच. मग बांधकामावरच्या एका बाईंनी माझ्या सहकारिणीला समजावलं की दिवस भरतो, पण पाट्या भरत नाहीत. त्यांना पाट्यांच्या हिशेबाने पैसे मिळत होते. त्यानंतर आम्ही प्रश्न बदलले. कामाला किती वाजता लागलात, दुपारी किती वेळ बसावं लागलं, किती वाजता सुटलात, हातात किती पडले. चारही उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की बुडालेली मिळकत दिसू लागली. खाडा झाला तर हजेरीपटावर कळतो. मंदावलेला हात कुठल्याच पटावर येत नाही.

मोठ्या अभ्यासांचं चित्रही असंच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2019 च्या अंदाजानुसार 2030 पर्यंत उष्म्यामुळे जगातले कामाचे 2.2 टक्के तास वाया जातील. म्हणजे 8 कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतकं काम. वाया जाणाऱ्या तासांपैकी 60 टक्के शेतीतले आणि 19 टक्के बांधकामातले. शेतीत आणि बांधकामावर कोण राबतं, हे वेगळं सांगायला नको. छप्पराखाली काम करणारेही यातून सुटत नाहीत. भारतातल्या कारखान्यांचा एक मोठा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाचं तापमान एका अंशाने जास्त असलं की कारखान्याचं उत्पादन सुमारे 2 टक्क्यांनी घटतं, असं त्यात आढळलं. उष्म्याच्या दिवसांत कामगारांची गैरहजेरीही वाढते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कामगारांच्या भरपाईच्या दाव्यांची छाननी झाली, तेव्हा तापलेल्या दिवशी कामावरच्या दुखापती वाढतात आणि त्यांचा मोठा भार कमी पगाराच्या कामगारांवर पडतो, असं दिसलं. त्यात पडणं, यंत्रात हात सापडणं अशाही दुखापती होत्या. त्यांना कोणी उष्म्याचा बळी म्हणत नाही. पण तापलेल्या डोक्याने केलेली चूक ही उष्म्याचीच चूक असते.

दिवसाइतकीच रात्रही महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष जातं. वातावरण तापतंय तसं अनेक भागांत रात्रीचं तापमान दिवसाच्या तापमानापेक्षा वेगाने चढतं आहे. एका पाहणीत आम्ही घरांच्या आत तापमान नोंदणारी छोटी यंत्रं टांगून ठेवली होती. एकाच गल्लीत, एकाच आभाळाखाली. पत्र्याच्या खोलीतली नोंद दुपारी झपाट्याने चढायची. तेवढं आम्हाला अपेक्षितच होतं. खरी गोष्ट मध्यरात्रीनंतर दिसली. बाहेर वारा सुटून हवा निवलेली असायची, पण एका दाराच्या, बिनखिडकीच्या त्या खोलीतला उष्मा बाहेर पडायला वाटच नसायची. दार उघडं टाकून झोपावं तर चोरीची आणि बायकांच्या सुरक्षिततेची भीती. त्या घरातली माणसं पहाटे जेमतेम डोळा लागल्यावर उठून पुन्हा उन्हात कामाला जात होती. दिवसभराचा ताण शरीर रात्री भरून काढतं. रात्रच तापलेली असेल तर तो ताण दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर चढतो, तिसऱ्या दिवशी आणखी. सलग चार-पाच दिवस उष्म्याची लाट राहिली की शेवटच्या दिवसांत मृत्यू वाढतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

ऊन सगळ्यांवर सारखं पडतं, या समजाबद्दल इथेच बोलतो. ते सारखं पडत नाही. अमेरिकेत 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर काही वस्त्या लाल रंगाने दाखवून तिथे घरकर्ज देणं धोक्याचं ठरवलं गेलं. त्या प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या आणि स्थलांतरितांच्या वस्त्या होत्या. जवळजवळ नव्वद वर्षांनी, 2020 मध्ये, अशा 108 शहरांचा अभ्यास झाला. लाल रंगातल्या वस्त्या इतरांपेक्षा सरासरी 2.6 अंशांनी जास्त तापलेल्या निघाल्या. झाडं कमी, डांबर जास्त, रुंद रस्ते आणि गोदामं शेजारी. कुठे झाड लावायचं आणि कुठून महामार्ग न्यायचा हे ज्यांच्या हातात होतं, त्यांनी उन्हाचीही वाटणी करून टाकली होती. ही काही एकाच देशाची गोष्ट नाही. स्वस्त जागा ही बहुतेक ठिकाणी सखल, उघडी, नाल्याकाठची किंवा उताराचीच असते, आणि गरीब माणूस तिथेच राहू शकतो.

आरोग्याचं बोलायचं तर उष्माघात हा शब्द थोडी दिशाभूल करतो. तो ऐकला की रस्त्यात कोसळलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. बहुतेक मृत्यू तसे नसतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2021 च्या उन्हाळ्यात उष्म्याच्या लाटेत 619 माणसं दगावली. अधिकृत तपासणीत दिसलं की त्यांतले 98 टक्के लोक घरात किंवा इतर इमारतीच्या आत होते, आणि निम्म्याहून जास्त एकटे राहत होते. शिकागोत जुलै 1995 मध्ये अवघ्या काही दिवसांत 700 हून जास्त जादा मृत्यू झाले. एकटी, वृद्ध, गरीब माणसं त्यांत मोठ्या संख्येने होती. युरोपात 2003 च्या उन्हाळ्यात 70,000 च्या वर माणसं गेली. यांतली बरीच माणसं हृदयविकाराने, मूत्रपिंड निकामी होऊन, आधीचाच आजार बळावून जातात. मृत्यूच्या दाखल्यावर ऊन कुठेच नसतं. म्हणून नेहमीच्या दिवसांत किती मृत्यू होतात आणि त्या आठवड्यात किती झाले, हा फरक काढावा लागतो. जिथे मृत्यूंची नोंदच धड होत नाही, तिथे हा फरकही काढता येत नाही, आणि मग त्या भागात उष्म्याने कोणी मेलंच नाही असं सरकारी उत्तर मिळतं. या उत्तराची मला मनापासून चीड आहे.

मृत्यूहून हळू चालणारा आजार मध्य अमेरिकेत दिसला. एल साल्वादोर आणि निकाराग्वात उसाच्या फडात काम करणाऱ्या तरुणांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, वय तिशी-चाळिशीचं. सगळी कारणं अजून उलगडलेली नाहीत, पण कडक उन्हात तासन्‌तास जड काम आणि शरीरातलं पाणी कमी होणं हा त्यातला मोठा भाग आहे, याबद्दल आता फारशी शंका उरलेली नाही. नगावर पैसे मिळत असतील तर माणूस पाणी प्यायला थांबत नाही. मूत्रपिंड गेलं की डायलिसिस, आणि डायलिसिस म्हणजे आठवड्यातले दोन-तीन दिवस कामाबाहेर. कमावता माणूस रुग्ण होतो, त्याच्याबरोबर घरातलं आणखी एक माणूस अडकतं. मिळकत आणि आरोग्य हे दोन वेगळे विषय नाहीत, असं मी म्हणतो ते याच कारणाने. अंगमेहनत करणाऱ्याचं शरीर हेच त्याचं भांडवल आहे.

डास आणि पाण्यातून पसरणारे आजार याबद्दल बरंच लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात सांगतो. तापमान वाढतं तसा डेंग्यू आणि मलेरिया पूर्वी थंड असलेल्या उंच भागांत सरकतो. तिथल्या लोकांच्या शरीराला त्याची सवय नसते आणि दवाखान्यालाही नसते. किनाऱ्यावर वेगळंच घडतं. बांगलादेशच्या दक्षिण किनाऱ्यावर भूजलात आणि तळ्यांत खारं पाणी शिरलं आहे, आणि तिथल्या दाकोप भागात खारट पाणी पिणाऱ्या गरोदर बायकांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. गोडं पाणी विकत घेणाऱ्या घरातली बाई त्यातून सुटते. एकाच गावात, एकाच समुद्राकाठी.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. नुकसान झाल्यावर घर काय करतं, यावर पुढची वीस वर्षं ठरतात.

केनियाच्या उत्तरेकडच्या मार्साबित भागात 2010 मध्ये पशुपालकांसाठी एक विमा सुरू झाला. उपग्रहाला दिसणारी हिरवळ ठरावीक पातळीच्या खाली गेली की भरपाई मिळायची, जनावरं मोजत बसायची गरज नव्हती. 2011 मध्ये भीषण दुष्काळ पडला आणि भरपाई दिली गेली. अभ्यासकांनी विमा असलेल्या आणि नसलेल्या घरांची तुलना केली. ज्यांच्याकडे जनावरं बऱ्यापैकी होती, त्यांनी विम्यामुळे जनावरं विकणं टाळलं. ज्यांच्याकडे मोजकीच होती, त्यांनी विम्यामुळे जेवण तोडणं टाळलं. हा फरक नीट पाहण्यासारखा आहे. विमा नसता तर थोडं बरं असलेलं घर जनावर पडेल भावात विकून पोट भरतं, कारण पुन्हा घेता येईल असा भरवसा असतो. अगदी गरीब घर शेवटचं जनावर विकत नाही, कारण ते गेलं की पुन्हा उभं राहणंच संपलं. ते घर पोटाला चिमटा काढतं. आणि चिमटा काढला जातो तो बहुतेक वेळा बाईच्या आणि लहान मुलांच्या पोटाला.

लहान वयातली ती उपासमार भरून निघत नाही. झिंबाब्वेत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ पडला. तेव्हा एक-दोन वर्षांची असलेली मुलं मोठी झाल्यावर अभ्यासकांनी पुन्हा पाहिली. त्यांची उंची कमी राहिली होती आणि शाळाही कमी झाली होती. इंडोनेशियातल्या ग्रामीण भागात जन्माच्या वर्षी पाऊस चांगला झाला असेल, तर त्या वर्षी जन्मलेल्या मुली मोठेपणी जास्त उंच, जास्त शिकलेल्या आणि घरची परिस्थिती बरी असलेल्या दिसल्या. मुलग्यांत असा फरक दिसला नाही. टंचाईच्या वर्षी घासाची वाटणी करताना कोणाचं पारडं जड होतं, याचा तो पुरावाच म्हणायचा. एका वर्षाचा पाऊस आणि एका बाईचं आयुष्यभराचं शिक्षण यांच्यात असा सरळ धागा निघतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटू शकलो नव्हतो.

शाळेत पोहोचलेल्या मुलांचंही असंच. अमेरिकेत सुमारे 1 कोटी विद्यार्थ्यांच्या परीक्षेचे गुण तपासले गेले. परीक्षेच्या आधीचं शाळेचं वर्ष 1 अंश फॅरनहाइटने जास्त तापलेलं असेल, तर त्या वर्षातलं शिकणं सुमारे 1 टक्क्याने घटतं, असं 2020 च्या त्या अभ्यासात दिसलं. वर्ग थंड ठेवण्याची सोय असलेल्या शाळांत हा परिणाम जवळजवळ पुसला जात होता, आणि अशी सोय नसलेल्या शाळांत कोणाची मुलं जास्त असतात, ते सांगायला नको. ही मुलं पुढे नोकरीच्या बाजारात येतात तेव्हा कोणी म्हणत नाही की हिच्या वर्गात पंखा नव्हता. हिला गणित जमत नाही, एवढंच म्हणतात.

पूर आणि वादळांत मालमत्ता कशी जाते, तेही पाहू. श्रीमंताची संपत्ती बँकेत, शेअरमध्ये, दुसऱ्या शहरातल्या घरात वाटलेली असते. गरिबाची संपत्ती म्हणजे घराच्या भिंती, एक-दोन जनावरं, शिलाईचं यंत्र, पेरलेलं शेत. सगळं एकाच जागी आणि बहुधा विम्याशिवाय. पाकिस्तानात 2022 च्या पुराने 3 कोटी 30 लाख लोकांना झळ बसली आणि 1,700 च्या वर माणसं गेली. सरकारने आंतरराष्ट्रीय संस्थांबरोबर केलेल्या पाहणीचा अंदाज होता की त्या एका पुरामुळे 84 ते 91 लाख लोक दारिद्र्यरेषेखाली जातील. पाणी ओसरतं. डोक्यावरचं कर्ज ओसरत नाही.

महागाईचाही एक रस्ता आहे, आणि तो दुष्काळ न पडलेल्या गावापर्यंतही येतो. उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला अन्नावरचा वाटा जास्त, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्येच दाखवलं होतं. रशियात 2010 च्या उन्हाळ्यात प्रचंड उष्मा आणि वणवे झाले, गहू गेला, आणि ऑगस्टमध्ये रशियाने गव्हाची निर्यात थांबवली. ज्या देशांचा गहू आयातीवर अवलंबून होता, तिथे झळ पोचली. भाव चढले की शेतकऱ्याचा फायदा होतो, असं कोणी म्हणेल. ज्याच्याकडे विकायला उरतं त्याचा होतो. भूमिहीन मजूर आणि स्वतःपुरतंही न पिकवणारा छोटा शेतकरी हे दोघेही बाजारातून विकत घेणारेच असतात. पीक गेलं म्हणून मजुरी नाही आणि भाव चढले म्हणून धान्य नाही, असे दोन्हीकडून ते सापडतात.

बाईचं काय, हे वेगळं मोजावं लागतं, कारण घराचं उत्पन्न मोजलं की ती त्यात विरघळून जाते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने 2024 मध्ये 24 देशांतल्या एक लाखाहून अधिक ग्रामीण कुटुंबांची माहिती तपासली. उष्म्यामुळे गरीब कुटुंबं दरवर्षी बऱ्या कुटुंबांच्या तुलनेत सरासरी 5 टक्के उत्पन्न जास्त गमावतात, आणि बाई कुटुंबप्रमुख असलेली घरं पुरुष प्रमुख असलेल्या घरांपेक्षा 8 टक्के जास्त. जमीन तिच्या नावावर नसते, त्यामुळे कर्ज मिळत नाही. दुपारचं काम टाळून पहाटे करावं, तर पहाट स्वयंपाकाची आणि पाण्याची असते.

श्रीमंत देशांत तरी हे टळतं का? नाही. अमेरिकेचा जिल्हावार हिशेब 2017 मध्ये मांडला गेला. देशासाठी सरासरी काढली तर तापमानाच्या प्रत्येक अंशामागे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 1.2 टक्के नुकसान. पण उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर शतकाअखेरीस सर्वांत गरीब एक तृतीयांश जिल्ह्यांचं नुकसान त्यांच्या उत्पन्नाच्या 2 ते 20 टक्के. उत्तरेकडच्या काही थंड जिल्ह्यांना उलट थोडा फायदाच. याचं कारण 2015 च्या एका अभ्यासात आहे. वर्षाचं सरासरी तापमान 13 अंशांच्या आसपास असताना अर्थव्यवस्थेची उत्पादकता सर्वाधिक असते, आणि त्यापुढे ती वाढत्या वेगाने घसरते. जो भाग आधीच तापलेला आहे तो उतारावरच उभा असतो, त्याला आणखी एक अंश जास्त महागात पडतो. अनेक देशांत तापलेले भागच गरीबही असतात. सरासरीत थंड भागाचा फायदा आणि गरम भागाचा तोटा एकमेकांना खाऊन टाकतात, आणि राहतो तो छोटासा निरुपद्रवी आकडा.

मग माणूस जुळवून घेणार नाही का, हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. घेतो. अमेरिकेत विसाव्या शतकात अतिउष्ण दिवसांमुळे होणारे मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशांनी घटले, आणि त्याचं जवळजवळ सगळं श्रेय घराघरांत आलेल्या एअर कंडिशनरला जातं, असा निष्कर्ष 2016 च्या अभ्यासात आहे. पण जुळवून घ्यायला पैसे लागतात, आणि ते लागतात नेमके तेव्हा जेव्हा कमाई घटलेली असते. यंत्र घेतलं तरी विजेचं बिल दर महिन्याला येतं. शिवाय ते खोलीतली उष्णता नाहीशी करत नाही, बाहेर टाकतं. दाट वस्तीत ती शेजारच्या बिनयंत्राच्या खिडकीपाशी जाते. ज्याला परवडतं त्याचं नुकसान पैशांत होतं, ज्याला परवडत नाही त्याचं शरीरात. देशाच्या हिशेबात विजेचं बिल दिसतं, दुसऱ्याचा आजार दिसत नाही.

काय केल्याने फरक पडतो, हेही सांगायला हवं, कारण या क्षेत्रात निराशेला जागा असली तरी तिला आधार कमी आहे. अहमदाबादमध्ये मे 2010 च्या लाटेत 1,300 हून जास्त जादा मृत्यू झाले. महापालिकेने 2013 मध्ये उष्म्यासाठीचा आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. आधीच इशारा, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय, लोकांना माहिती. पुढच्या वर्षांत मृत्यू घटल्याचं अभ्यासांत दिसलं. कतारमध्ये 2021 पासून 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी 3.30 उघड्यावरचं काम बंद ठेवावं लागतं, आणि ऊन, वारा, दमटपणा मिळून काढलेला निर्देशांक 32.1 अंशांवर गेला तर वेळ कोणतीही असो, काम थांबवावं लागतं. नियम कागदावर चांगला आहे. पण काम थांबलं की मजुरीही थांबणार असेल, तर कामगार स्वतःच तो मोडायला तयार होतो. थांबलेल्या तासांचे पैसे कोणी द्यायचे, हे ठरवल्याशिवाय असा नियम अर्धाच.

पैशाइतकीच वेळ महत्त्वाची, हे बांगलादेशात दिसलं. जुलै 2020 मध्ये तिथल्या जमुना नदीला, म्हणजे ब्रह्मपुत्रेच्या तिथल्या प्रवाहाला, पूर येणार हे अंदाजावरून कळताच, पाणी चढायच्या आधी 23,000 हून अधिक कुटुंबांना मोबाइलवर प्रत्येकी 4,500 टका पाठवले गेले. रक्कम मोठी नव्हती. पण पुराच्या दिवसांत ही कुटुंबं उपाशी राहण्याचं प्रमाण पैसे न मिळालेल्यांपेक्षा बरंच कमी राहिलं, आणि महिन्यांनंतरही त्यांची स्थिती बरी होती. हीच मदत पंचनामे होऊन मिळते, तोवर जनावर विकलेलं असतं आणि व्याजाचं चक्र सुरू झालेलं असतं.

भारतात सेवा या असंघटित महिला कामगारांच्या संघटनेने 2023 मध्ये उष्म्याचा विमा सुरू केला. तापमान ठरावीक मर्यादेच्या वर ठरावीक दिवस राहिलं की पैसे थेट खात्यात, कोणी अर्ज करायचा नाही. पहिल्या वर्षी अट पूर्ण झाली नाही, पैसे आले नाहीत. उन्हाने मिळकत मात्र बुडालीच होती. 2024 मध्ये अटी बदलल्या, सुमारे 50,000 महिला सामील झाल्या आणि बहुतेकींना भरपाई मिळाली. मर्यादा कुठल्या अंशावर ठेवायची, सलग किती दिवस धरायचे, तापमान शहराच्या वेधशाळेतलं घ्यायचं की वस्तीतलं, रात्रीचं मोजायचं की नाही, हे सगळे प्रश्न तांत्रिक वाटतात. त्या पत्र्याच्या खोलीतल्या बाईला पैसे मिळणार की नाही, हे त्यांच्याच उत्तरांवर ठरतं. म्हणून हल्ली अशा बैठकीला बोलावलं की मी त्या घरांतल्या मध्यरात्रीनंतरच्या नोंदींचे कागद बरोबर नेतो आणि आधी तेच टेबलावर ठेवतो.